२३ व्या मजल्यावर इटालियन मार्बल घालायचं आहे, बिल्डरच्या टाइल्स फोडाव्यात का? पिवळं पडू नये म्हणून काय करावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: ठाण्यात २३ व्या मजल्यावर नवा फ्लॅट, बिल्डरने व्हिट्रिफाइड टाइल्स घालून दिलेल्या, हॉल-डायनिंग-पॅसेज मिळून साधारण ४५० चौरस फुटांत इटालियन मार्बल घालायचं आहे, दसऱ्याला गृहप्रवेश. ओळखीच्यांकडे वर्षभरात मार्बलवर पिवळे डाग आलेले पाहून तुम्हाला धास्ती बसली आहे.

हे डाग बहुतेक वेळा वरून सांडलेल्या कशाचे नसतात. पाणी खालून चढतं. ओल्या मालावर (सिमेंट-रेतीच्या मिश्रणावर) दगड बसवला, लगेच प्लास्टिक अंथरलं, की ते पाणी दगडातूनच वाट काढतं. पांढऱ्या-क्रीम मार्बलमध्ये लोहाचे बारीक कण असतात, ओल आणि सिमेंटचा क्षार मिळाला की ते गंजतात. हा डाग दगडाच्या आतपर्यंत असतो, म्हणून कितीही पॉलिश मारलं तरी जात नाही. तेव्हा तुमचं सगळं लक्ष दगडाच्या खाली काय होतंय तिकडे हवं.

टाइल्स फोडण्याचा प्रश्न वजन आणि लेव्हलवर सुटतो. १८ मिमी जाडीचं मार्बल चौरस मीटरला साधारण ४९ किलो भरतं, म्हणजे चौरस फुटाला साडेचार किलो. टाइल्सवरच चिकटवलं तर त्यात अॅडेसिव्हचे १२-१३ किलो धरा, आधीच्या वजनावर ६० किलोंहून जास्त भर पडते. शिवाय फरशी २५ ते २८ मिमी वर येते: मुख्य दरवाजा खालून तासावा लागतो, बाल्कनीच्या स्लायडिंगची पट्टी फरशीच्या खाली जाते आणि पावसाचं पाणी आत यायला वाट मिळते, बेडरूमच्या दारात ठेच लागेल अशी पायरी होते. उलट १० मिमीची टाइल आणि तिच्याखालचा ४५ मिमीचा माल काढला तर चौरस मीटरला सुमारे ११३ किलो उतरतात. त्याच ५५ मिमीत १८ मिमी मार्बल आणि त्याखाली अॅडेसिव्ह धरून ३७ मिमीचा बेड (सिमेंट-रेतीचा थर) बसवला तर १२३ किलो होतात. म्हणजे लेव्हल तीच आणि वजनात फरक फक्त १० किलोंचा. फ्लोअर फिनिशसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर सहसा चौरस मीटरला १०० ते १५० किलो धरतात. तुमच्या इमारतीत किती धरलेत ते बिल्डरकडून लेखी घ्या.

म्हणून माझं मत फोडण्याच्या बाजूने आहे, पण तीन अटींवर. पहिली, सोसायटी आणि बिल्डरची लेखी परवानगी. रेराखाली बांधकामातल्या दोषांची ५ वर्षांची जबाबदारी बिल्डरवर असते आणि परवानगीशिवाय तोडफोड केली की तिकडे बोट दाखवायला त्याला निमित्त मिळतं. दुसरी, फरशीखालच्या वायरिंगचे पाइप आणि पाण्याच्या लाइनी कुठून गेल्यात त्याचं ड्रॉइंग. बऱ्याच नव्या इमारतींत इलेक्ट्रिकचे कंड्युट याच मालातून फिरवलेले असतात. टाइल्स फोडायचं ब्रेकर मशीन एकदा त्यात घुसलं की टीव्हीच्या भिंतीपर्यंतची वायर नव्याने ओढावी लागते. तिसरी, बाथरूमच्या उंबऱ्यापासून एक फूट अलीकडे ब्रेकर बंद, तिथे छिन्नी-हातोडीच. वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर खालच्या फ्लॅटचं छत ओलं होईल.

आता दगड. बाजारात ज्याला सरसकट इटालियन म्हणतात त्यात स्पेनचं क्रेमा मार्फिल असतं, ग्रीसचं व्होलाकास असतं, तुर्कस्तानचा बराच माल असतो. त्यात वाईट काही नाही, पण इटलीतल्या कॅरारा गावच्या खाणीतला स्टॅच्युआरिओ (पांढरा, महागडा मार्बल) आहे असं सांगून भाव लावला असेल तर तसं बिलावर लिहून घ्या. सिल्वासा किंवा किशनगडला जाऊन माल बघणार असाल तर स्लॅब उभा करून, उन्हात बघा. पाण्याचा हात फिरवा: पाणी सुकत जाताना चिरा आधी काळ्या रेषांसारख्या दिसतात. खिशात एक यूव्ही टॉर्च ठेवा. सावलीत ती स्लॅबवर मारली की रेझिनने भरलेल्या भेगा निळसर-पांढऱ्या चमकतात. थोड्या भेगा चालतात, मार्बल म्हटलं की भरणी आलीच. पण भेग या काठापासून त्या काठापर्यंत सलग गेली असेल तर तो स्लॅब सोडून द्या. चारही कडांना जाडी मोजा. १६ आणि १८ मिमी एकाच लॉटमध्ये मिसळलेले असतील तर मिस्त्री ती तफावत खालच्या मालात भरून काढतो आणि नेमकं तिथेच पोकळ राहतं.

स्लॅबच्या नंबरांचे फोटो घ्या, एकाच ब्लॉकचा माल घ्या, स्कर्टिंग आणि उंबरठेही त्यातूनच काढा. तुटफूट आणि कटिंग धरून २५ टक्के जास्त घ्या, म्हणजे ४५० ऐवजी सुमारे ५६० चौरस फूट, फरशीवाल्यांच्या भाषेत ५.६ ब्रास. बुकमॅच (शेजारच्या दोन तुकड्यांच्या शिरा आरशातल्यासारख्या जुळवणं) करायचं असेल तर याहून जास्त लागेल.

उंच इमारतीत एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे लिफ्ट. ९ फूट बाय साडेपाच फुटांचा एक स्लॅब सव्वादोनशे किलोंच्या आसपास जातो, आणि ७ फुटी दाराच्या सर्व्हिस लिफ्टमध्ये तो उभा मावत नाही. तुकड्यांचं माप लिफ्टचं दार मोजून ठरवा आणि कटिंग फॅक्टरीतच करून घ्या. माल वर आला की सगळा एका भिंतीला टेकवून ठेवू देऊ नका. ५६० चौरस फूट म्हणजे अडीच टन, आणि तो हॉलच्या मधोमध रेतीच्या ढिगाशेजारी उभा राहिला तर इमारतीच्या काँक्रीट स्लॅबला तो भार जड जाईल. दोन-तीन खोल्यांत, बीम आणि कॉलमच्या कडेला वाटून ठेवा, खाली लाकडी पट्ट्या टाका. लोखंडी अँगल नको, गंजाचा डाग दगडात मुरतो.

आता बेड. नेहमीची पद्धत अशी की ओलसर माल पसरायचा, त्यावर पांढऱ्या सिमेंटचा घोळ ओतायचा आणि लगेच दगड ठोकायचा. काम पटकन होतं, पण सगळं पाणी दगडाखाली अडकतं. माझा आग्रह असा की बेड वेगळा करा. १ भाग सिमेंट, ४ भाग धुतलेली रेती. खाडीची रेती अजिबात नको, तिच्यातलं मीठ पुढे वर येतं. माल इतकाच ओला असावा की मुठीत दाबला तर लाडू वळेल पण तळहात ओला होणार नाही. २७-२८ मिमीचा थर रांध्याने सपाट करा (३७ पैकी उरलेले ९-१० मिमी अॅडेसिव्हचे), ७ दिवस पाणी मारा, मग निदान ३ आठवडे उघडा सुकू द्या. पावसाळ्यात आणखी आठवडाभर. सुकला का ते पाहायला दीड फूट चौकोनी पारदर्शक प्लास्टिक बेडवर ठेवा, चारही बाजूंनी टेप लावा, रात्रभर राहू द्या. सकाळी एक कोपरा उचला. आतल्या बाजूला दव जमलं असेल किंवा खालचा माल काळसर झाला असेल तर अजून ओल आहे. तिथे दगड बसवू नका, मिस्त्री कितीही घाई करो.

बेड सुकेपर्यंत ड्राय ले उरकून घ्या. सगळे तुकडे मोकळ्या खोलीत, मालाशिवाय, नकाशाप्रमाणे मांडायचे, शिरा जुळतात का बघायचं, मागच्या बाजूला नंबर टाकायचे. शिरा कुठे वळवायच्या हे तुम्ही आणि आर्किटेक्टने तिथे उभं राहूनच ठरवायचं. सोफ्याखाली जाणाऱ्या जागेत साधा तुकडा आणि दारातून आत येताना समोर दिसणाऱ्या जागेत चांगला, हा निर्णय मिस्त्रीवर सोडू नका.

यानंतर जाळी. आयात स्लॅबच्या मागे फायबरची जाळी रेझिनने चिकटवलेली असते, वाहतुकीत दगड फुटू नये म्हणून. सिमेंट या रेझिनला धरत नाही. जाळी तशीच ठेवून दगड बसवला की सहा महिन्यांत नाण्याने टकटक केल्यावर ढब असा पोकळ आवाज येतो, आणि जड कपाटाचा पाय तिथे आला की तडा जातो. मजबूत दगडाची जाळी ग्राइंडरने खरवडून काढा. डार्क एम्पेराडोरसारखा ठिसूळ दगड जाळी काढताना फुटतो, त्याच्या मागे इपॉक्सीचा हात मारून त्यावर जाडसर कोरडी रेती भुरभुरा आणि सुकवा, म्हणजे अॅडेसिव्हला पकड मिळते. अॅडेसिव्ह पांढरंच घ्या, आयएस १५४७७ मानकातलं टाइप ३ किंवा त्यावरचं. १० मिमी दात्यांच्या करणीने बेडवर ओढायचं आणि दगडाच्या पाठीलाही पातळ हात मारायचा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून दगड बसवणारा मिस्त्री असेल तर त्याचं काम तिथेच थांबवा.

दोन तुकड्यांत दीड ते दोन मिमी फट ठेवा. भिंतीलगत ५-६ मिमी मोकळी जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. तुमच्या हॉलला पश्चिमेची मोठी काच असेल तर काचेजवळची फरशी दुपारी चांगलीच तापते आणि प्रसरण पावते. त्या बाजूची फट सिमेंटने बुजवली तर मधल्या जॉइंटच्या कडा उडतात.

दगड बसल्यावर दोन आठवडे काही झाकू नका. मग जॉइंट दगडाच्या रंगाच्या इपॉक्सीने भरा, आणि भरल्यानंतरच पहिलं कटिंग, म्हणजे मशीनने फरशी घासून सपाट करणं, कारण मशीनचं पाणी उघड्या जॉइंटमधून थेट खाली जातं. घासल्यावर निघणारा पांढरा गाळ वायपरने गोळा करून पिशवीत भरा. नहाणी ट्रॅपमध्ये तो सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि पुढे पाइपच फोडावा लागतो. कटिंग झालं की फरशीवर जाड कागदी शीट, त्यावर प्लास्टिक, त्यावर ८-१० मिमी पीओपी, आणि मग सुतार आत. सागाचा भुसा ओला होऊन थेट दगडावर राहिला तर तपकिरी डाग पडतो, तेव्हा शीटचे सांधे टेपने नीट बंद करा. शेवटचं पॉलिश रंगाच्या शेवटच्या हाताआधी: २२०, ४००, ८००, १५०० आणि ३००० नंबरचे पॅड क्रमाने. मधला नंबर गाळला की दिव्याच्या तिरप्या उजेडात गोल ओरखडे दिसतात. पॉलिशवाला चमक लवकर यावी म्हणून ऑक्झॅलिक अॅसिडची पावडर जास्त वापरत असेल तर त्याला थांबवा. ती चमक वरवरची असते, काही महिन्यांत ढगाळ होते.

शेवटी सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बंद करणारा द्रव. त्याने तेल आणि हळद मुरायला वेळ लागतो, पण आंबटापासून तो वाचवत नाही. मार्बल म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट: लिंबू, चिंच, कोकम, दही पडलं की काही मिनिटांत चमक जाऊन पांढुरका डाग उमटतो. म्हणून स्वयंपाकघराची फरशी आणि ओटा या मार्बलचा करू नका, तिथे ग्रॅनाइट किंवा मोठ्या मापाची पोर्सिलेन टाइल घ्या. देवघरासमोर मार्बल हवंच असेल तर मकराना घ्या आणि तांब्याची भांडी चिंचेने तिथे बसून घासू नका. पॅसेजमध्ये मी चकचकीतऐवजी होन्ड (बिनचमकीचं, मॅट) फिनिश घेईन, कारण चालण्याचे ओरखडे त्यात दिसत नाहीत.

दिवसांचा हिशेब: फोडणं आणि बेड आठवडाभर, पाणी मारणं ७ दिवस, सुकणं २१, बसवणं १०, उघडं ठेवणं १४, जॉइंट आणि कटिंग ५. म्हणजे दोन महिने. त्यापुढे सुतारकाम आणि रंगाला सात-आठ आठवडे, शेवटचं पॉलिश ६ दिवस. एकूण चार महिने, त्यात पावसाळ्याची दमट हवा. दसरा गाठायचा असेल तर टाइल्स मे महिन्यातच निघायला हव्यात. ते जमणार नसेल तर सुकण्याचे दिवस कापू नका, मुहूर्त पुढचा घ्या.