एचेवेरिया आणि झेवियर

प्रश्न : स्पॅनिश नावांत ‘एचेवेरिया’ हे आडनाव बरेचदा दिसते. अर्थ काय? गोव्याच्या झेवियरशी त्याचा खरेच संबंध आहे का?

उत्तर : आडनाव मूळचे बास्क, म्हणजे उत्तर स्पेन आणि लगतच्या फ्रान्समधल्या बास्क लोकांच्या भाषेतले. ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवे. शेवटचा ‘आ’ हा निश्चयवाचक प्रत्यय, इंग्रजी ‘द’सारखा. आपले नवघरेच म्हणा! बास्क प्रदेशात माणसाला घराचे नाव लागे आणि नवी घरे गावोगाव. त्यामुळे नुसत्या आडनावावरून नाते जोडायला जाल तर फसाल.

जुन्या नोंदी शोधताना सगळी रूपे तपासा. विस्काया या बास्क प्रांतात ‘बेरी’चे ‘बारी’ होते, म्हणून एचेबारिया. फ्रेंच हद्दीत एचेव्हेरी. पुढचा ‘ए’ गळाला की चावारी. स्पॅनिश पद्धतीत सहसा आधी वडिलांचे आडनाव, मग आईचे. शेवटचा शब्द धरून शोधलेत की थेट आजोळी पोहोचाल.

झेवियरशी संबंध आहेच. उत्तर स्पेनच्या नवारा प्रांतातल्या हाविएर, म्हणजेच झेवियर, या गावाचे नाव ‘एचे’ आणि ‘बेरी’ याच दोन शब्दांतून आले. तिथल्या किल्ल्यात १५०६ साली फ्रान्सिस झेवियर जन्मले, १५४२ मध्ये गोव्यात उतरले. वडील मात्र हुआन दे हासो. झेवियर हे नाव किल्ल्यावरून.