दार लावून ऐकलेली गाणी

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 19 वर्षांचा मुलगा कॉलेजातून आला की दार लावून घेतो, कानाला हेडफोन लावतो आणि पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द वॉल' (म्हणजे भिंत) हा एकच अल्बम ऐकत बसतो. तुम्ही मोबाइलवर त्या गाण्यांचे शब्द शोधून वाचलेत आणि त्यातलं एकटेपण, सगळ्यांपासून लांब निघून जाण्याची ओढ पाहून धास्तावलात. हेडफोन काढून घेऊ का, असं विचारता. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिता, "ह्यांना जाऊन पावणेदोन वर्षं झाली."

हेडफोन काढून घेऊ नका.

हा अल्बम 1979 सालचा, बहुतेक गाणी बँडमधल्या रॉजर वॉटर्सने लिहिलेली. तो पाच महिन्यांचा असताना, 1944 मध्ये, त्याचे वडील इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. अल्बममधल्या नायकाचा बापही युद्धातच गेलेला. ती पोकळी ही त्याच्याभोवतीच्या भिंतीची एक वीट. मग शाळेतले अपमान, आईची अतिकाळजी, मोडलेला संसार. एकेक वीट रचत तो स्वतःला चिणून घेतो. (आईवरचं गाणं तुम्हाला लागलं असणार. ती त्याची आई आहे हो, तुम्ही नाही.)

1977 मध्ये मॉन्ट्रियलच्या कार्यक्रमात वॉटर्स एका चाहत्यावर थुंकला. आपण असं वागलो याची त्याला स्वतःलाच किळस आली, आणि श्रोत्यांच्या नि आपल्यामधल्या भिंतीची कल्पना तिथून सुचली. त्यामुळे ही गाणी भिंतीचं कौतुक करत नाहीत. आत अडकलेला माणूस बाहेरच्यांना हाका मारतो, आणि शेवटी भिंत पाडली जाते. सुटे शब्द वाचून हे कळत नाही. सगळा अल्बम ओळीने ऐकावा लागतो.

तुम्ही लिहिलंय, "तो कोसळेल म्हणून मी त्याच्यासमोर ह्यांचा विषयच काढत नाही." ताई, कदाचित तोही तुमच्यासाठीच गप्प असेल. बाप गमावलेल्या माणसाची गाणी त्याला सापडली, कारण घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. हे तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. तुमचंही माणूस गेलंय.

एखाद्या रात्री चहा घेऊन जा. म्हणा, "तुला आवडतं ते एक गाणं मलाही ऐकव." अर्थ विचारू नका, अभ्यासाचा विषय काढू नका. गाणं संपलं की त्याच्या बाबांची एखादी आठवण तुम्हीच सांगा. तो बोलला नाही तरी बसून राहा.

मात्र त्याचं जेवण, झोप, मित्र सुटत चालले असतील किंवा तो जगण्यात अर्थ नाही असं म्हणत असेल, तर मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही तिथे फोन करू शकता.

त्याने कोणतं गाणं लावलं, ते मला नक्की कळवा.

तुमची,
मावशी