दर सोमवारी पोटदुखी आणि वर्गातील चिडवणे
आपली आठवीतील मुलगी दर सोमवारी पोट दुखते म्हणून घरी राहते, वर्गातल्या मुली तिला रंगावरून चिडवतात, डबा खाताना शेजारी बसू देत नाहीत. वय वाढले की हे आपोआप थांबेल का, असे आपण घणसोलीहून विचारले आहे. मी कळव्यातील एका माध्यमिक शाळेत सतरा वर्षे गणित शिकवते. माझे उत्तर आहे, वाट पाहू नका.

त्या पोटदुखीला बहाणा समजू नका. धास्तीने पोट खरोखरच दुखते. मुलांच्या मारामारीत शर्ट फाटतो, म्हणून ती दिसते. मुलींमध्ये बहुतेक वेळा वाळीत टाकणे, टोपणनाव ठेवणे, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढणे असे चालते आणि त्याचा वळ अंगावर उठत नाही. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात जवळपास तीनांपैकी एका विद्यार्थ्याला महिन्याभरात किमान एकदा सोबत्यांकडून त्रास झालेला होता.

माझ्या वर्गातील एक मुलगी मधल्या सुट्टीत नळांच्या मागे उभी राहून डबा खात असे, तोही झाकण अर्धेच उघडून, म्हणजे कोणी आले की पटकन मिटता यावे. तिची वही नीटनेटकी होती, पण तिने हात वर करणे सोडले होते, कारण ती बोलू लागली की मागच्या बाकांवरून खोकल्याचे आवाज येत. जिचे निम्मे लक्ष मागे कोण हसते याकडे, तिला समीकरणे सुचणार कशी? हे मला कळायला दोन महिने लागले, याचे वाईट आजही वाटते.

‘दुर्लक्ष कर’ असे आपल्या मुलीला सांगू नका. ते तिने कधीच करून पाहिलेले असते. वर्गशिक्षिकांना तारखांसह लेखी द्या, पोच घ्या. राज्य शासनाने २०२२ मध्ये शाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमण्यास सांगितले आहे, तिच्याविषयीही विचारा. झोप किंवा जेवण बिघडले असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. मानसोपचार म्हटले की आपल्याकडे अजूनही ‘ठाण्याला न्यावे लागेल’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, अशी कुजबुज होते, तिला भीक घालू नका. मुलगी जगण्याविषयीच निराशेने बोलत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

माझ्या त्या विद्यार्थिनीला सर्वांत मोठा आधार झाला तो शेजारच्या तुकडीतील एका मुलीचा, जी रोज तिच्याबरोबर डबा खाऊ लागली. आपल्या मुलीची अशी एखादी मैत्रीण सोसायटीत असेल, तर तिला या रविवारीच घरी बोलवा.