बाजारात तुरी आणि दारातली थार

महाडच्या एका वाचकांनी विचारलंय: जुलै २०१५ ची थार सीआरडीई (डिझेल) आहे, ९६ हजार किलोमीटर झालेत. दुकान, शेत आणि अधूनमधून वरंधा घाटातून भोरकडे, असा तिचा वापर. गॅरेजवाल्याने ७४ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलंय. नव्या रूपातली थार आली की तीच घ्यायची, हे नक्की. मेहुणे म्हणतात, विकायच्या गाडीवर पैसे कशाला घालता, ऑइल बदला आणि ढकला. यावरून घरात रोज वाद. महिन्याला ८५ हजार येतात, घराचा हप्ता २२ हजार, बँकेत सहा लाखांची एफडी. खर्च करावा की नव्या गाडीसाठी पैसे राखावेत?

तुम्ही सहा महिन्यांत गाडी विकणार असतात, तर मी मेहुण्यांच्या बाजूने बोललो असतो. पण वाट कशाची बघायची आहे ते आधी पाहू. १५ ऑगस्ट २०२५ ला महिंद्राने मुंबईत 'व्हिजन टी' हे संकल्पना-मॉडेल दाखवलं, पुढच्या थारची झलक मानतात ते, सोबत आणखी तीन. या चौघांच्या नव्या प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे एकाच सांगाड्यावरच्या, गाड्या २०२७ पासून येतील, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. किंमत सांगितली नव्हती. त्यात बुकिंग आणि वेटिंग धरा. म्हणजे अजून दोन पावसाळे तरी जुन्याच गाडीने काढायचे आहेत. शिवाय हा प्लॅटफॉर्म मोनोकॉक धाटणीचा आहे, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच, आणि तुमची थार लॅडर फ्रेमवरची (खाली वेगळी मजबूत चौकट), लो रेंजवाली (चढाला जादा जोर देणारे गिअर). शेताच्या चढावर नवी गाडी कशी वागते हे टेस्ट ड्राइव्ह घेऊनच कळेल, फोटो बघून नाही. तुम्ही आणि मेहुणे आज ज्या गाडीवरून भांडताय ती अजून शोरूममध्येही नाही.

किमतीचं म्हणाल, तर २०२४ आठवा. पाच दारांची थार रॉक्स १५ ऑगस्टला आली ती '१२.९९ लाखांपासून'. महिनाभराने फोर बाय फोरच्या (चारही चाकांना ताकद देणारीच्या) किमती जाहीर झाल्या, त्या १८.७९ लाखांपासून सुरू. तुम्हाला लागते ती फोर बाय फोर, पण डोक्यात बसतो तो पहिला आकडा. ३ ऑक्टोबरला बुकिंग उघडलं तेव्हा पहिल्या तासातच पावणेदोन लाखांच्या वर बुकिंगं पडली. अशा तासात कोणी हिशेब करत नाही. आणि पहिल्या लॉटची घाई करू नका. २०२० च्या थारच्या सुरुवातीच्या दीड हजारांवर डिझेल गाड्या कॅमशाफ्ट या इंजिनातल्या भागासाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या.

हेही खरं, की थांबणाऱ्याला कधीकधी लॉटरी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा ५० टक्क्यांपर्यंतचा कर ४० वर आला. जे थांबले होते त्यांचे पैसे वाचले. पण ते आधीपासून ठाऊक होतं म्हणून थांबलेला एकही माणूस मला भेटलेला नाही.

आता तुमचं एस्टिमेट. फोटो पाठवलात ते बरं केलंत, कारण ७४ हजार हा एक खर्च नाही, तीन वेगवेगळे खर्च एका कागदावर आलेत.

पहिला भाग: इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर साडेनऊ हजार, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचं) ऑइल साडेसहा, ब्रेक पॅड, मागचे शू आणि ब्रेक ऑइल नऊ, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस पाच, कूलंट आणि होज चार. एकूण ३४ हजार. यातला रुपयाही कापू नका. मेहुण्यांचं 'ऑइल' म्हणजे फक्त इंजिनचं. पण तुमच्या गाडीला पुढे-मागे दोन डिफरन्शियल आहेत. तापलेली गाडी ओढ्यात घातली की हाउसिंग एकदम थंड होतं, आत हवेचा दाब पडतो आणि ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या नळीतून) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मेकॅनिकला ड्रेन प्लग तुमच्यासमोर उघडायला सांगा. ऑइल दुधाळ निघालं तर मेहुण्यांनाही ते दाखवा. काही हजारांचं ऑइल वाचवून डिफरन्शियलमधले क्राऊन-पिनियन गिअर घालवणं हा व्यवहार नव्हे. ब्रेक ऑइलचं तर विचारूच नका. ते हवेतला ओलावा शोषतं, मग लवकर उकळतं, आणि घाट उतरताना पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी ते बदलायचंच, मग गाडी विकायची असो वा नसो.

दुसरा भाग तपासून ठरवायचा. क्लच १८ हजार: चढावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच बदला. नाहीतर थांबा. खालून अँटी-रस्ट कोटिंग सात हजार: कोकणात ते लागतं, पण आधी चिखल धुऊन, गंज खरवडून. गंजावर कोटिंग मारलं तर ओल आतच कोंडते.

तिसरा भाग म्हणजे इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्टंट यांचे आठ हजार आणि सीट कव्हर-पॉलिशचे सात. हे पंधरा हजार सरळ खोडा. सीट कव्हर पुढच्या गाडीला घ्या, हौस आहेच तर.

३४ हजार दोन वर्षांवर पसरले की महिन्याला चौदाशे पडतात. विकताना ते वसूल होणार नाहीत, हे मेहुण्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण ते पैसे विक्रीसाठी नाहीतच, ते दोन वर्षांच्या वापराचे आहेत.

नवी गाडी १९ लाखांची धरू. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के रोड टॅक्स, म्हणजे २ लाख ६६ हजार. विमा मिळवून साडेबावीस लाखांची तयारी हवी. आज घाईने दुसरी कुठली घेऊन १६ लाखांचं कर्ज काढलंत, तर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ३३ हजारांच्या वर जातो. घराचा धरून ५५ हजार. ८५ मधून ते गेल्यावर दुकानाचा एक मंदीचा महिनाही झेपणार नाही. सात वर्षांचं कर्ज देऊ करतील. हप्ता हलका दिसेल, व्याज मात्र बरंच जास्त जाईल.

त्यापेक्षा या महिन्यापासून २२ हजारांची आरडी सुरू करा. साडेसहा टक्के धरले तर दोन वर्षांत साडेपाच लाखांच्या थोडे वर जमतील. एफडीतले तीन लाख अडीअडचणीचे, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या तिनांतून दुरुस्ती करा. व्याजाने ते पुन्हा तीनच्या जवळ येतील. जुनी थार विकून चार लाख येतील असं तुम्ही धरलंत, तेवढे धरू. मग कर्ज उरतं दहा लाखांच्या आसपास आणि हप्ता २१ हजारांच्या आत, म्हणजे आरडीइतकाच. तीन महिन्यांत आरडी जड वाटू लागली, तर नव्या गाडीचा आकडाच खाली आणा किंवा तारीख पुढे ढकला. तारखेची घाई नाही, तुमच्या थारचं पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन जुलै २०३० पर्यंत आहे.

दोन कागद विसरू नका. दहा लाखांवरच्या गाडीला शोरूम एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) घेतं. १९ लाखांवर ते १९ हजार होतात, रिटर्न भरताना मागून घ्या. आणि विम्यावर नो क्लेम बोनस जमला असेल तर तो मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) विमा हप्त्यात निम्मी सूट मिळते. म्हणून एवढ्यात किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम टाकू नका.