वीस गुंठे विकून डिझाइनची पदवी? आधी हप्त्याचं गणित मांडू

सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मुलगी बारावीत आहे, इंटरमिजिएट चित्रकलेत तिला ‘अ’ श्रेणी मिळालेली. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात डिजिटल मीडिया आणि कम्युनिकेशन डिझाइनची चार वर्षांची पदवी तिला घ्यायची आहे. फी वर्षाला ४ लाख, हॉस्टेल १.४ लाख. वडील ५१ वर्षांचे, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, ५८ व्या वर्षी निवृत्ती. वार्षिक उत्पन्न ७.४ लाख, हातात महिना ५४ हजार, घरकर्जाचा हप्ता १४ हजार, घरखर्च २६ हजार. मुदत ठेव ५ लाख, धाकटा मुलगा नववीत. प्रवर्ग ओबीसी. ‘गावाकडची २० गुंठे शेती विकू, की १५ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढू? जागा राखायला ५० हजार या महिनाअखेर भरायचे आहेत.’

माझं मत विचाराल तर या विद्यापीठासाठी दोन्ही करू नका. मुलीने डिझाइन मात्र जरूर शिकावं.

तुम्ही खर्च २१.६ लाख धरला आहे, पण त्यात फीवाढ नाही. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर चार वर्षांची फी १८ लाख आणि हॉस्टेल ६.३ लाख होतं. लॅपटॉप, कागद-रंग, प्रिंट, येणं-जाणं मिळवलं की आकडा २६ लाखांजवळ जातो. बँक सहसा पहिल्या वर्षीच्या फीपत्रकावर कर्ज मंजूर करते. पुढे वाढलेला फरक आई-वडिलांच्या खिशातून जातो, आणि तिसऱ्या वर्षी सोनं गहाण पडतं ते यामुळेच.

आता हप्ता पाहू. १५ लाख चार समान टप्प्यांत उचलले, व्याज १०.५ टक्के, सवलतकाळ, म्हणजे हप्ता न भरण्याची मुदत, अभ्यासक्रम अधिक एक वर्ष. या पाच वर्षांत सरळ व्याजानेच ५.५१ लाख चढतात. परतफेड २०.५१ लाखांवर सुरू होते आणि दहा वर्षांचा हप्ता पडतो सुमारे २७,७०० रुपये. तेव्हा तुम्ही ५६ चे असाल. दोन वर्षांनी पगार थांबेल, ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन बहुतेकांना साडेसात हजारांच्या आत मिळते आणि हप्ता ६६ व्या वर्षापर्यंत चालेल. मुलीची पहिली नोकरी मी नियोजनासाठी २०-२५ हजारांचीच धरतो. जास्त मिळाले तर आनंदच, पण हप्ता त्या आशेवर बेतू नये. शिवाय ७.५ लाखांवरच्या कर्जाला सहसा तारण लागतं. तुमचं घर आधीच गहाण आहे आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बऱ्याच बँका राजी नसतात.

कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते, असंही तुम्हाला सांगितलं गेलं आहे. ती वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत मुळात करच लागत नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत या सवलतीची किंमत शून्य.

जमिनीचं म्हणाल तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. हे तुमचं एकमेव क्षेत्र असेल, तर सातबाऱ्यावरचं नाव गेल्यावर मुलांना पुन्हा शेती घेणं अवघड होईल. धाकट्याचा वाटाही त्यातच आहे.

यापेक्षा चांगली वाट उपयोजित कलेतल्या (जाहिरात, ग्राफिक डिझाइन) बी.एफ.ए. या ललित कलेच्या पदवीची आहे. राज्याच्या कला सीईटीतून केंद्रीभूत, म्हणजे सगळ्या महाविद्यालयांचे एकत्र गुणवत्तायादीने, प्रवेश होतात. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कला महाविद्यालयं डोळ्यांसमोर ठेवा. मुंबईचं सर ज. जी. २०२३ पासून अभिमत विद्यापीठ आहे, त्याची प्रवेशसूचना वेगळी पाहा. सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असतं. इंटरमिजिएटचा हात असलेली मुलगी इथे पुढे असते. ती अडखळते ती बहुधा वेळेत, म्हणून घड्याळ लावून रोज एक स्मरणचित्र काढून घ्या.

पैशाचा मोठा फरक इथेच आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत २०२४-२५ पासून आहे. पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून हवा. खासगी विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटा यांना ती लागू नाही. आपण निवडलेलं महाविद्यालय आणि अभ्यासक्रम महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत आहेत ना, हे पर्याय भरण्याआधी पाहा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर आणि जात वैधता आत्ताच काढायला घ्या. प्रवेश सुरू झाल्यावर सेतू केंद्रात रांगा लागतात आणि एका कागदापायी सवलत जाते.

या वाटेचा राहण्या-जेवणाचा खर्च महिना १० हजार धरला तर चार वर्षांत ४.८ लाख. साहित्य १ लाख, लॅपटॉप ९० हजार. एकूण ६.७ लाख. तुमच्या हातात महिना १४ हजार उरतात, चार वर्षांत तेवढेच होतात. गणित काठोकाठ बसतं, पण मुदत ठेव न मोडता बसतं.

लॅपटॉप पहिल्या दिवशी घेऊ नका. पहिलं वर्ष बहुतेक कार्ट्रिज शीट, पोस्टर कलर आणि हातकामाचं असतं. दुसऱ्या वर्षी घेताना १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि १०० टक्के एसआरजीबी (रंगांची प्रमाणित श्रेणी) दाखवणारा पडदा बघा. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेला स्वस्त पडदा रंग फिके दाखवतो, मुलगी ते भडक करते आणि प्रिंट भलतंच येतं. सॉफ्टवेअरपैकी थ्रीडीचं ब्लेंडर आणि चित्रांचं क्रिटा मोफत आहेत, व्हिडिओ संकलनाच्या दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शिकायला पुरते आणि ॲप-वेबसाइट डिझाइनचं फिग्मा विद्यार्थ्यांना फुकट मिळतं. या क्षेत्रात काम देणारा आधी पोर्टफोलिओ उघडतो. पहिल्या रेखाटनापासून शेवटपर्यंत नेलेले पाच-सहा प्रकल्प आणि त्यात एक नीट केलेलं देवनागरी अक्षरांकनाचं काम असलं, तर कॉलेजचं नाव मागे पडतं.

सीईटीत जमलं नाही, तर केंद्रीभूत फेरीतलंच खासगी महाविद्यालय पाहा. तिथे कर्जाची कमाल मर्यादा ७.५ लाख ठेवा आणि सवलतकाळातलं व्याज दरमहा भरत राहा. दहा वर्षांचा हप्ता १०,१०० च्या आसपास राहतो, तो मुलीच्या पहिल्या पगारातून निघू शकतो.

ते ५० हजार तरीही भरायचे असतील, तर आधी विद्यापीठाकडून ईमेलवर तीन उत्तरं घ्या: प्रवेश रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती परत, फीवाढीची कमाल टक्केवारी किती, आणि गेल्या तुकडीतल्या किती मुलांना नोकरी लागली व त्यांचा मधला पगार (निम्म्यांना ज्याहून कमी, निम्म्यांना जास्त) किती. माहितीपत्रकातला सर्वाधिक पगार एकाच मुलाचा असतो. फीच्या पावतीवर १८ टक्के जीएसटी दिसला तर थांबा. कायद्याने मान्य असलेल्या पदवीच्या शिक्षण शुल्कावर तो लागत नाही.