परदेशात लिहिणारी मैत्रीण: भेटावं की नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. परदेशी गेल्यावर मराठी लिहिणं सुटेल का, आणि ज्या लेखिकेशी आजवर फक्त ई-मेलवर लिखाणाची देवाणघेवाण झाली, ती त्याच शहरात राहते तर तिला प्रत्यक्ष भेटावं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं बरंचसं त्यातच आहे. भेटाच. सगळं मार्गी लागलं की भेटू, असं मात्र ठरवू नका. पहिल्या महिन्यातच भेटा.

सुरुवातीचा काळ घर, बँक, कागदपत्रं आणि नवी नोकरी यांत जातो. तेव्हा लिहू नका असं कुणी सांगत नाही, पण लिहिलंत का असंही कुणी विचारत नाही, आणि लिखाण मागे पडतं ते यामुळेच. भारतातल्या मैत्रिणींच्या वेळा जुळणं अवघड. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असाल तर साडेनऊ ते साडेदहा तासांचं अंतर. तुम्ही रात्री पान पुरं करून कुणाला तरी वाचून दाखवायला आतुर असता तेव्हा तिकडे सकाळची घाई चालू असते. ‘शनिवारी काय आणते आहेस?’ असं विचारणारं एक माणूस त्याच शहरात असलं की फार फरक पडतो. मी हे स्वतः अनुभवलं आहे, म्हणून इतक्या आग्रहाने सांगते आहे.

पहिली भेट दिवसाउजेडी, सार्वजनिक ठिकाणी ठेवा आणि कुठे जाताय ते घरी सांगून जा. वाचनालय सगळ्यांत बरं. अनेक शहरांतल्या सार्वजनिक वाचनालयांत बैठकीची खोली आधी सांगून मिळते. दोघींनी एकेक अपुरा लेख आणायचा, छापून, दोन प्रतींत. आधीच प्रसिद्ध झालेलं, कौतुक झालेलं नको. त्यावर बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आणि एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. लिखाणातून ओळखीची झालेली आणि समोर बसलेली, या दोघी जुळायला वेळ लागतो. माझ्या मैत्रिणीचं गद्य धावतं, तिरकस, एका दमात वाचावं असं. प्रत्यक्षात ती अतिशय अबोल. गप्पांत ती मला सापडेना. मग तिने स्वतःचं पान वाचायला घेतलं आणि पहिल्याच परिच्छेदात ती भेटली. कुठे थांबायचं, कोणता शब्द हळू म्हणायचा, हे मला आजवर कागदावरून कळलंच नव्हतं. म्हणून सांगते, नोकरी कुठे, मुलं किती, यात तास घालवू नका. लवकर वाचायला बसा. पुण्यात १९२३ साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळातले माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे कवीसुद्धा एकत्र जमून एकमेकांना कविता वाचूनच दाखवत.

वाचून झाल्यावर काय बोलायचं? अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० साली अभिप्रायाची चार पायऱ्यांची रीत बसवली, ती लिखाणालाही छान लागू पडते. आधी ऐकणारीने काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग लिहिणारीने आपले प्रश्न विचारायचे. मग ऐकणारीने विचारायचे, पण प्रश्नात मत दडवायचं नाही. शेवटी मत, तेही ‘सांगू का?’ असं विचारून. आम्ही दोघी हे कसोशीने पाळतो. एरवी पहिल्या भेटीत माणसं एक तर नुसती वाहवा करतात, नाहीतर शुद्धलेखन काढत बसतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. स्थलांतरानंतर तुमचे वाचक दोन प्रकारचे होतात. मायदेशातल्या वाचकाला तुमचं नवं जगणं ठाऊक नसतं, म्हणून तुम्ही सगळं समजावून सांगू लागता आणि लेखाची माहितीपुस्तिका होते. तुमच्यासारख्याच स्थलांतरिताला अर्ध्या वाक्यात कळतं, म्हणून तुम्ही अर्धंच लिहिता. प्रत्यक्ष भेटणारी मैत्रीण या दुसऱ्या प्रकारची. तिचा मोठा उपयोग म्हणजे खोटा उमाळा ती लगेच ओळखते. मागे राहिलेल्या घराबद्दल तुम्ही चारदा तेच लिहिलंत की ती विचारते, ‘हे खरंच आठवतंय, की लिहायची सवय झालीय?’ असं विचारण्याचा अधिकार फक्त तिलाच असतो, कारण तीही तिथूनच आलेली असते. मात्र तिचं समाधान झालं म्हणजे लेख झाला असं समजू नका. मायदेशातली एक वाचक राखून ठेवा.

मसुदा दाखवला आणि कुणी उचलला तर, ही भीती रास्त आहे, पण तिच्यापायी अडून बसू नका. लेखक-कलावंतांच्या हक्कांसाठी १८८६ साली झालेल्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत, भारत त्यात आहे, लिखाणाचा हक्क नोंदणीवाचूनच लेखकाकडे असतो. तो शब्दांवर असतो, नुसत्या कल्पनेवर नव्हे. तेव्हा जी कल्पना अजून कागदावर उतरलीच नाही, ती गप्पांत सांगून टाकू नका. आणि मानधन स्वीकारण्याआधी व्हिसाच्या अटी बघा. काही व्हिसांवर ठरलेल्या नोकरीबाहेरची कमाई चालत नाही.

दोनतीन भेटींत सूर जुळला नाही तर ई-मेलवरची मैत्री तशीच चालू ठेवा, ती काही कमी नाही. पण एकटीने बसू नका. अनेक शहरांत लिहिणाऱ्यांचे गट असतात. काही ठिकाणी तर भेटून तासभर गप्प लिहायचं, एवढंच असतं. तिथे मराठीत लिहिलंत तरी कुणाची ना नसते.

आणि तिला निघण्याआधीच लिहा: कोणत्या शनिवारी भेटायचं, आणि तुम्ही कोणता अपुरा लेख आणणार आहात.