झाडीतील डिस्क गोल्फ: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: नोकरीनिमित्त मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे राहतो आणि दोन वर्षांपासून डिस्क गोल्फ खेळतो. मोकळ्या मैदानावर माझी डिस्क ९० मीटरपर्यंत जाते आणि स्कोअर पारच्या (ठरवून दिलेल्या फेकसंख्येच्या) आसपास राहतो. मात्र हॉर्नेट्स नेस्टसारख्या दाट झाडीच्या कोर्सवर जवळजवळ प्रत्येक होलला डिस्क झाडावर आपटते आणि स्कोअर पारच्या कितीतरी वर जातो. मी उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा आणून) फेकतो. खेळात काय बदल करावा?

उत्तर: ज्या वाचकांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्ये. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, फ्रिस्बीसारखी डिस्क फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये ती कमीत कमी फेकींत पोहोचवायची (टी ते बास्केट हा एक होल), असा हा खेळ असून त्याचा पहिला कायमस्वरूपी कोर्स १९७५ मध्ये एड हेड्रिक यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह येथे उभा राहिला. आपण राहता ते शहर या खेळाच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. २०१२ ची व्यावसायिक जागतिक स्पर्धा तिथेच झाली होती. तिथले कोर्स बहुतांशी पाइन आणि पानझडी वृक्षांच्या रानातून काढलेले असल्यामुळे आपली अडचण आपल्या एकट्याची नाही.

आपल्या पत्रात ९० मीटरचा उल्लेख सर्वांत आधी आला आहे, आणि माझ्या मते दुखणे तिथेच आहे. झाडीत लांबीपेक्षा दिशेला फार अधिक महत्त्व असते. टीपासून १० मीटरवर दोन खोडांमध्ये ३ मीटरची फट असेल, तर डिस्क सोडताना दिशेत सुमारे १७ अंशांची मोकळीक मिळते. तेवढीच फट ३० मीटरवर असेल तर ही मोकळीक ६ अंशांपेक्षाही कमी होते. म्हणून टीवर उभे राहिल्यावर नजर बास्केटवर न ठेवता मार्गातील सर्वांत अडचणीची फट कोणती आहे ते आधी ठरवावे, त्या फटीच्या मध्यभागी मागे दिसणारे एखादे खोड किंवा फांदी निवडावी आणि नेम त्यावरच धरावा. खेळाडू सहसा ज्या झाडाला टाळायचे त्याच झाडाकडे पाहत फेकतात आणि डिस्क नेमकी त्यावरच जाते.

यानंतर डिस्कची निवड. जिथपर्यंत पोहोचायचे आहे तिथे पोहोचवू शकेल अशी सर्वांत संथ डिस्क घ्यावी, हा झाडीतला माझा पक्का सल्ला आहे. ड्रायव्हर (लांब पल्ल्याची वेगवान डिस्क) त्याच्या आखणीप्रमाणे उडण्यासाठी भरपूर वेग मागतो. अरुंद जागेत आपण हात आखडता घेतला की तो वेग मिळत नाही आणि उजव्या हाताच्या बॅकहँडने फेकलेला ड्रायव्हर अर्ध्या वाटेतच डावीकडे वळून खाली येतो. पटर (जवळच्या फेकीची संथ डिस्क) किंवा मिडरेंज (मधल्या पल्ल्याची डिस्क) कमी वेगातही बराच काळ सरळ राहते आणि शेवटचा डावीकडचा वळसाही सौम्य असतो. शिवाय संथ डिस्क खोडावर आदळली तर बहुधा तिथेच जवळपास पडते, तर जोरात गेलेला ड्रायव्हर कड घेऊन रानात खोलवर शिरतो. आपण ९० मीटर फेकता, म्हणजे ६० ते ७० मीटरचे होल केवळ पटरने खेळणे आपल्याला सहज शक्य आहे. लांब धाव घेऊ नये. दोन-तीन सावकाश पावले, किंवा उभ्या जागेवरून ताकद थोडी राखून केलेली फेक पुरे होते. डिस्क हातातून सुटताना सपाट सुटली पाहिजे, कारण पुढची कड थोडी जरी वर राहिली तरी ती वर चढते आणि फेअरवेवर (टी ते बास्केटच्या मोकळ्या वाटेवर) झुकलेल्या फांद्यांत अडकते.

लांब होल असेल तर तो टीवरूनच दोन भागांत पाहावा. १३० मीटरच्या, मध्ये डावीकडे वळणाऱ्या होलमध्ये पहिल्या फेकीचे काम एवढेच असते, की दुसऱ्या फेकीला बास्केटकडे जाणारी मोकळी रेषा मिळावी. अशा होलमध्ये वळणाच्या अलीकडे थांबण्यापेक्षा दोन-चार मीटर पलीकडे गेलेले चांगले, कारण अलीकडे राहिल्यास कोपऱ्यातील झाडे समोर येतात आणि बास्केटच दिसत नाही. डावीकडचे वळण आपल्या बॅकहँडला नैसर्गिकपणे साधते. उजवीकडच्या वळणासाठी मात्र फोरहँड (हात शरीराच्या बाजूने पुढे आणून केलेली फेक) शिकून घ्यावाच. तो लांब जाण्याची गरज नाही, ५० मीटर अंतर खात्रीने गाठता आले तरी झाडीतील कितीतरी बंद वाटा उघडतात.

एवढे करूनही झाड लागणारच, आणि स्कोअर खऱ्या अर्थाने बिघडतो तो त्या झाडामुळे नाही, तर त्याच्यानंतरच्या फेकीमुळे. समजा, पार ३ च्या होलवर आपली पहिली डिस्क २५ मीटरवर खोडाला लागून उजवीकडच्या झाडीत पडली, बास्केट अजून ६० मीटरवर आहे आणि समोर दोन खोडांमधून हात-दीड हात रुंदीची फट दिसते आहे. फटीतून डिस्क गेली तर एकूण ३ होतील, नाही गेली तर बहुधा ५. दुसरा मार्ग असा, की बास्केट विसरून पटरने आडवी, बुटकी फेक करून डिस्क फेअरवेवर आणावी. मग तिसरी फेक बास्केटजवळ जाईल आणि चौथी आत पडेल. पहिला मार्ग दहापैकी तीनदा साधणाऱ्या खेळाडूची सरासरी ४.४ येते, दुसऱ्या मार्गाची ४ च्या जवळ राहते. याचा अर्थ, निम्म्याहून अधिक वेळा जी फट साधेल असे प्रामाणिकपणे वाटते, तिच्यातूनच फेकावे. प्रत्यक्षात ५ ऐवजी ६ होण्याचाही धोका असतो, तेव्हा ही अट आणखी कडक होते. आडव्या फेकीला आपल्याकडचे हौशी खेळाडू कमीपणा मानतात, हे मला मनापासून खटकते. फांद्यांखालून बाहेर पडण्यासाठी एक गुडघा टेकून, मनगटाच्या झटक्याने केलेली फेक घरच्या अंगणातही घोटून घेता येते, आणि सरावाचा निम्मा वेळ तिला द्यावा असे मी आपल्याला सुचवीन.

प्रश्न: डिस्क झुडपात पडल्यावर उभे राहण्यासाठी फांद्या वाकवता किंवा मोडता येतात का?

उत्तर: नाही. जमिनीतून वाढलेली झाडेझुडपे हा कोर्सचाच भाग मानला जातो. ज्या पवित्र्यात त्यांची कमीत कमी हालचाल होईल तोच पवित्रा घ्यावा लागतो, आणि एकदा उभे राहिल्यावर हाताला जागा व्हावी म्हणून फांदी बाजूला धरून ठेवता येत नाही. फेकताना हात लागून ती हलली तर त्याला हरकत नाही. पाय ठेवण्याच्या जागी सुटे पडलेले दगड, काटक्या आणि पाचोळा मात्र बाजूला करता येतो. जागा अगदीच अशक्य असेल, तर मागच्या ठिकाणावरून पुन्हा फेकण्याची मुभा आहे, परंतु त्यासाठी एका फेकीचा दंड पडतो आणि आधीची फेकही मोजली जाते.

प्रश्न: शरद ऋतूत पानगळीनंतर डिस्क सापडत नाहीत. काही उपाय आहे का?

उत्तर: त्या दिवसांत पिवळी, नारिंगी, लाल आणि तपकिरी डिस्क पिशवीतून काढून ठेवावी, गडद गुलाबी किंवा आकाशी रंग पाचोळ्यात उठून दिसतो. डिस्क जमिनीवर पूर्ण थांबेपर्यंत तिच्यावरून नजर हटवू नये आणि ती जिथे दिसेनाशी झाली तिथले एक ठळक झाड लक्षात ठेवावे. शक्य असल्यास एका सोबत्याला पुढे उभे करावे. स्पर्धेत शोधासाठी तीनच मिनिटे मिळतात. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने तो सारून पाहावा, कारण अमेरिकेच्या आग्नेय भागातील रानांत कॉपरहेड हा विषारी साप आढळतो आणि त्याचा रंग वाळलेल्या पानांशी पूर्णपणे मिसळून जातो. तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्हीचा स्पर्शही टाळावा. डिस्कच्या मागील बाजूस आपला फोन क्रमांक अवश्य लिहावा. पुष्कळ खेळाडू सापडलेली डिस्क फोन करून परत करतात.